कॅव्हेंडिशने पृथ्वी कशी तोलली, आणि तोच प्रयोग आज कसा करावा

प्रश्न तीन आहेत. हेन्री कॅव्हेंडिश हा अठराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ सांगतात तितका विक्षिप्त होता का? त्याने नेमके शोध कोणते लावले? आणि शिशाच्या गोळ्यांनी पृथ्वी तोलण्याचा त्याचा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल का? तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: जमतो, पण चार दिवसांची सवड हवी. तासाभराच्या प्रॅक्टिकलमध्ये तो कधीच जमत नाही. का, ते खाली येईलच.

आधी माणूस. जन्म १० ऑक्टोबर १७३१, नीस शहरात. घराणं इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या सरदार घराण्यांपैकी एक. आई तो दोन वर्षांचा असतानाच गेली. वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश स्वतः उत्तम प्रयोगकर्ते होते. कमाल आणि किमान तापमान नोंदवणाऱ्या तापमापकांसाठी त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं होतं. उपकरणावर विश्वास ठेवायचा नाही, आधी त्याची चूक मोजायची, ही शिस्त मुलाने घरातच उचलली. केंब्रिजला १७४९ ते १७५३ अशी चार वर्षं काढून तो पदवी न घेताच परतला. वडील १७८३ मध्ये वारले तोवर लंडनमध्ये त्यांच्याच घरी राहिला. पुढे अफाट संपत्ती हाती आली. मृत्यू २४ फेब्रुवारी १८१०. बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्याबद्दल म्हटलं की विद्वानांत सर्वांत श्रीमंत आणि बहुधा श्रीमंतांत सर्वांत विद्वान असा हा माणूस.

विक्षिप्तपणाच्या गोष्टी बहुतेक जॉर्ज विल्सन याने १८५१ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून आल्या आहेत, म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचं, नोकराणी समोर येऊ नये म्हणून घराला दुसरा जिना, आणि आजोबांच्या काळात शोभेल असा विटलेला जांभळट कोट. आवाज बारीक, बोलताना अडखळायचा, अनोळखी माणूस जवळ आला की पाठ फिरवून चालू लागायचा. त्याला ओळखणाऱ्या वोलास्टन या शास्त्रज्ञाचा सल्ला असा होता की त्याच्याकडे बघूच नका, रिकाम्या हवेत बोलल्यासारखं बोला, मग कदाचित उत्तर मिळेल. लाजाळूपणा खरा होता, यात शंका नको. पण त्याला एकलकोंडा संन्यासी ठरवणं चूक आहे. रॉयल सोसायटी क्लबच्या साप्ताहिक जेवणाला तो वर्षानुवर्षं नेमाने जात असे. स्वतःचं मोठं ग्रंथालय त्याने अभ्यासकांना खुलं ठेवलं होतं, आणि स्वतःचंच पुस्तक नेतानाही तो रीतसर नोंद करून नेई. हा शेवटचा तपशील मला जिन्यापेक्षा मोलाचा वाटतो. नोंद ही त्याची सवय होती आणि त्याचं सगळं विज्ञान त्या सवयीवर उभं आहे.

आता शोध. १७६६ मध्ये त्याने ‘कृत्रिम हवां’वर, म्हणजे पदार्थांतून मोकळ्या केलेल्या वायूंवर, शोधनिबंध प्रसिद्ध केला. जस्त, लोखंड किंवा कथील सौम्य गंधकाम्लात वा मिठाच्या आम्लात टाकलं की पेटणारी हवा (आजच्या भाषेत हायड्रोजन) निघते, हे इतरांनाही ठाऊक होतं. कॅव्हेंडिशने ती स्वतंत्र पदार्थ म्हणून तोलली. एक रीत अशी: बाटलीत आम्ल आणि जस्त घ्यायचं, तोंडाला कोरडा पोटॅशक्षार भरलेली नळी बसवायची म्हणजे बाष्प तिथेच अडकतं, आणि विक्रियेपूर्वी व विक्रियेनंतर सगळ्याचं वजन करायचं. घटलेलं वजन म्हणजे निघून गेलेल्या वायूचं वजन. सामान्य हवेपेक्षा हा वायू सुमारे अकरा पट हलका निघाला. खरा आकडा साधारण साडेचौदा आहे. फरकाची दिशा बघा: वायूत थोडी जरी ओल किंवा हवा राहिली तरी तो जडच भरतो, हलका कधीच नाही. हायड्रोजनची घनता मोजताना आजही विद्यार्थ्याचा आकडा याच बाजूला चुकतो. त्याच निबंधात त्याने कार्बन डायऑक्साइड पाण्यावर नव्हे तर पाऱ्यावर गोळा केला, कारण तो पाण्यात विरघळून कमी होतो.

हवेतल्या ऑक्सिजनच्या मोजणीत त्याचं वेगळेपण सर्वांत स्पष्ट दिसतं. त्या काळी नायट्रिक ऑक्साइड हवेत मिसळून, पाण्यावर आकारमान किती घटलं ते बघत, कारण तो ऑक्सिजनशी जुळून पाण्यात विरघळतो. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या दिवशी आकडे वेगळे येत, म्हणून हवेचा ‘चांगुलपणा’ बदलतो असा समज पक्का झाला होता. कॅव्हेंडिशने दाखवलं की हवा बदलत नाही, हात बदलतो. वायू किती वेगाने मिसळला, कोणता कशात सोडला, भांडं हलवलं की नाही, यावर घट अवलंबून असते. त्याने हे सगळं ठरवून टाकलं, आणि आकारमान डोळ्यांनी वाचण्याऐवजी भांडं पाण्याखाली तोलून काढलं. १७८१ मध्ये साठेक दिवसांची हवा तपासली. फरक सापडला नाही. त्याचा आकडा आजच्या भाषेत २०.८३ टक्के येतो. आजचा स्वीकृत आकडा २०.९५.

१७८४ मध्ये पाणी. ४२३ माप पेटणारी हवा १००० माप साध्या हवेत विजेच्या ठिणगीने पेटवली की जवळजवळ सगळी पेटणारी हवा आणि साध्या हवेचा सुमारे पाचवा भाग नाहीसा होतो आणि काचेवर दव साचतं. हे दव तपासण्याइतकं मिळावं म्हणून त्याने पाच लाख ग्रेन-माप (एक माप म्हणजे एक ग्रेन पाण्याएवढं आकारमान) वायू जाळला आणि १३५ ग्रेन, म्हणजे पावणेनऊ ग्रॅम पाणी जमवलं. चव नाही, वास नाही, आटवल्यावर गाळ नाही. स्पष्टीकरण मात्र त्याने फ्लॉजिस्टनच्या, म्हणजे जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं मानलेल्या तत्त्वाच्या, जुन्या भाषेत दिलं. सिद्धांतात तो जुनाच राहिला आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लावोआझिए पुढे गेला, हे मान्य करायला हवं.

शुद्ध ऑक्सिजन वापरल्यावर त्या पाण्यात कधी कधी आम्ल सापडे. दुसऱ्याने ‘अशुद्धी’ म्हणून सोडून दिलं असतं. त्याने १७८५ मध्ये तेच धरलं. वाकवलेली काचेची नळी पाऱ्याने भरून तिची दोन्ही तोंडं पाऱ्याच्या दोन पेल्यांत बुडवली, मधे हवा आणि थोडं पोटॅशचं द्रावण, आणि विजेच्या यंत्राने ठिणग्यामागून ठिणग्या. नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून द्रावणात शोषला जातो. ऑक्सिजन घालत राहायचं. शेवटी उरलेला ऑक्सिजन गंधक-पोटॅशच्या द्रावणाने काढायचा. तरी एक बारीकसा बुडबुडा उरला, जो काही केल्या जाईना. त्याने लिहिलं की हा मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागापेक्षा जास्त नाही. १८९४ मध्ये रॅली आणि रॅमझे यांनी अरगॉन शोधला, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बुडबुड्याचा अर्थ लागला. नायट्रोजनच्या मानाने अरगॉन साधारण ८४ वा भाग असतो. ठिणग्या आणि पारा एवढ्याच साधनांवर त्याने गाठलेली जवळीक थक्क करणारी आहे.

विजेवरचं बरंचसं काम त्याने छापलंच नाही. ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात एका पोकळ गोलात दुसरा गोल ठेवून केलेला प्रयोग आहे: बाहेरच्याला विद्युतभार दिला की आतल्यावर काहीच उरत नाही, म्हणून विद्युतबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असलं पाहिजे, आणि घातांक दोनपासून पन्नासाव्या भागापेक्षा जास्त चुकलेला नाही. ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्या कूलाँच्या आधी काही वर्षं. द्रावणांची वाहकता तोलायला त्याच्याकडे मीटर नव्हता, म्हणून तो झटका स्वतःच्या हातातून जाऊ देई आणि दोन झटके सारखे लागेपर्यंत नळ्यांची लांबी बदलत राही. हे कोणीही करून पाहू नये.

आता पृथ्वी. ही कल्पना आणि मूळ उपकरण जॉन मिशेल या धर्मगुरूचं. तो १७९३ मध्ये प्रयोग न करताच वारला. उपकरण केंब्रिजच्या एका प्राध्यापकामार्फत कॅव्हेंडिशकडे आलं. त्याने ते बहुतेक नव्याने बांधलं आणि ५ ऑगस्ट १७९७ रोजी, पासष्टाव्या वर्षी, पहिला प्रयोग केला. निबंध १७९८ चा.

रचना अशी. सहा फुटांची हलकी पण ताठ लाकडी दांडी, दोन्ही टोकांना दोन इंच व्यासाचा शिशाचा एकेक गोळा, सुमारे ७३० ग्रॅमचा. दांडी मध्यावर एका बारीक तारेला आडवी टांगलेली. तार सव्वाएकोणचाळीस इंच, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची. सगळं एका अरुंद महोगनी पेटीत बंद. पेटीबाहेर १५८ किलोचे दोन मोठे शिशाचे गोळे, कप्पी-दोरीने फिरवता येणारे, म्हणजे कधी लहान गोळ्यांच्या एका बाजूला, कधी दुसऱ्या. जवळ आले की केंद्रांमधलं अंतर ८.८५ इंच. दांडीच्या टोकाला हस्तिदंताची मोजपट्टी, विसाव्या इंचाच्या खुणा, व्हर्निअरवर शंभराव्या इंचापर्यंत वाचन. ओढ किती? लहान गोळ्याच्या वजनाच्या पाच कोटीव्या भागाइतकी. एवढ्या बलासमोर माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा मोठी, म्हणून खोली बंद. दोरी बाहेरून ओढायची आणि भिंतीतल्या भोकांतून दुर्बिणीने वाचायचं.

पहिली तार फार मऊ निघाली: दांडी इतकी वळायची की पेटीच्या बाजूला टेकायची. काही वाचनं घेऊन त्याने ताठ तार लावली. निबंधात ‘व्हायब्रेशन’चा वेळ पहिल्या तारेवर सुमारे १५ मिनिटं, दुसरीवर सुमारे ७ मिनिटं असा आहे. हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याचा वेळ आहे, म्हणजे आपल्या अर्थाने अर्धा दोलनकाल. त्याच्या आकड्यांवरून गणित करून पाहणारे इथे हमखास फसतात, आणि काळाचा वर्ग येत असल्याने उत्तर बरोबर चौपट चुकतं.

दांडी कधीच पूर्ण थांबत नाही. ती थांबायची वाट त्याने पाहिली नाही. लागोपाठ तीन टोकं वाचायची, पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढायची, मग तिची दुसऱ्याशी सरासरी. समजा १२.४, ८.८, १२.०: पहिल्या-तिसऱ्याची सरासरी १२.२, आणि मध्य १०.५. आंदोलन हळूहळू लहान होत जातं, त्याची चूक यात आपोआप निघते.

मग एक त्रास उपटला. गोळे जवळ आणल्यावर पहिल्या तासात ओढ हळूहळू वाढताना दिसे. गुरुत्व असं वाढत नाही. चुंबकत्व असेल म्हणून मोठे गोळे टांगलेल्या लोखंडी सळया काढून तांब्याच्या लावल्या, गोळे फिरवून पाहिले, गोळ्यांच्या जागी खरी चुंबकं ठेवून पाहिली. तार पीळ धरून ठेवते का, तेही तपासलं. शेवटी कारण सापडलं ते उष्णतेचं: संध्याकाळी पेटी लवकर गार होते, शिसं गरम राहतं, मधली हवा फिरू लागते आणि गोळ्याला ढकलते. खात्रीसाठी त्याने गोळ्यांखाली दिवे ठेवले, नंतर बर्फ लावला. परिणाम अपेक्षेप्रमाणे वाढला आणि उलटला. माझ्या मते हा भाग त्या निबंधाचा गाभा आहे. निकालापेक्षा चुकांवर जास्त पानं आहेत, इतकी की पेटीच्या लाकडाचं गुरुत्वसुद्धा त्याने शेवटी हिशेबात धरलं.

पाठ्यपुस्तकांत ‘कॅव्हेंडिशने जी (G) मोजला’ असं वाक्य असतं. त्याने गुरुत्वस्थिरांक कुठेही लिहिलेला नाही. त्याने काढली ती पृथ्वीची सरासरी घनता: लहान गोळ्याला पृथ्वी किती ओढते आणि १५८ किलो शिसं किती ओढतं, याचं गुणोत्तर. उत्तर पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१. त्याने दिलेल्या २९ निकालांची खरी सरासरी ५.४४८ आहे, ही बेरजेची चूक पुढे फ्रान्सिस बेली या खगोलशास्त्रज्ञाने दाखवली. तिसरा निकाल ४.८८ आहे, तो ५.८८ धरला की सरासरी बरोबर ५.४८ येते. इतक्या सावध माणसाचीही एका अंकावर नजर चुकली.

आता कॉलेजातला प्रयोग. मोठं उपकरण नको, लहान चांगलं. १८९५ मध्ये बॉईझ या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानेही लहान उपकरण आणि क्वार्ट्झचा तंतू वापरला होता. ही मापं चालतात: २० सेंमी लांब, २ ग्रॅमच्या आसपासची अॅल्युमिनियमची नळी, टोकांना २० ग्रॅमचे शिशाचे गोळे, बाहेर २ किलोचे दोन शिशाचे गोळे, केंद्रांतलं अंतर ६ सेंमी. गोळ्यांच्या त्रिज्या मिळून सव्वाचार सेंमी होतात, म्हणजे पेटीची भिंत आणि फट यांना पावणेदोन सेंमी उरतात. तार टंगस्टनची, ३० मायक्रॉन जाड, ३० सेंमी लांब. दोलनकाल १० मिनिटांच्या जवळपास येईल. तारेचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातावर जातो, म्हणून ३० ऐवजी २५ मायक्रॉन घेतली तर तो निम्म्यावर येतो आणि दोलनकाल १४ मिनिटांपुढे जातो. नायलॉनची दोरी लावू नका: ती ओल शोषते आणि दिवसभर उलगडत राहते. लहान गोळ्यांच्या जागी स्टीलची छर्री नको, पृथ्वीचं चुंबकत्व गुरुत्वाला गिळून टाकेल. गळाला लावतात ती शिशाची वजनं चालतात. शिसं स्वतः वितळवू नका, त्याचा धूर विषारी आहे.

दांडीच्या मध्याला छोटा आरसा आणि त्यावर लेझर. ५ मीटर लांबच्या भिंतीवर आलेखकागद. मोठे गोळे एका बाजूकडून दुसरीकडे नेले की ठिपका सुमारे ६.८ सेंमी सरकायला हवा.

हिशेब सोपा आहे. ठिपक्याचं एकूण सरकणं भागिले भिंतीच्या अंतराची चौपट, म्हणजे मध्यापासून दांडी वळलेला कोन, रेडियनमध्ये. एक दुप्पट आरशामुळे, दुसरी दोन बाजूंमुळे. मग ३९.४८ (म्हणजे ४π²) गुणिले दांडीची अर्धी लांबी, गुणिले केंद्रांतल्या अंतराचा वर्ग, गुणिले हा कोन. आणि भागिले मोठ्या गोळ्याचं वस्तुमान गुणिले पूर्ण दोलनकालाचा वर्ग. लहान गोळ्याचं वस्तुमान दोन्हीकडून निघून जातं. मीटर, किलोग्रॅम, सेकंद वापरले की उत्तर ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात याच्या आसपास येतं. समोरचा लांबचा मोठा गोळाही उलट ओढतो. या मापांत त्यामुळे उत्तर २.४ टक्के कमी येतं, तेवढं वाढवून घ्या. अंतराचा वर्ग येतो म्हणून ६ सेंमीत १ मिमी चुकलं तर उत्तर सव्वातीन टक्के चुकतं. वेळेपेक्षा अंतर जपून मोजा.

जागा तळमजल्याची, भिंतीत घट्ट ठोकलेला ब्रॅकेट, पंखा आणि एसी बंद. पेटीला आतून अॅल्युमिनियम फॉइल लावून ती आणि तार दोन्ही अर्थ करा, म्हणजे जमिनीला जोडा. फॉइल नसेल तर प्लास्टिकवर साचलेला विद्युतभार गुरुत्वाच्या कितीतरी पट जोराने ओढतो. गोळे टांगून तार तीन दिवस तशीच राहू द्या, नवी तार सुरुवातीला एकाच दिशेने सरकत राहते. मोठे गोळेही आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवा, हाताळताना हातमोजे घाला. वाचन रात्री, खोलीबाहेरून. ठिपक्यासमोर मोबाइलचा कॅमेरा लावून दर ३० सेकंदांनी फोटो घेतला तर उत्तम. प्रत्येक जागी किमान पाच टोकं, मग गोळे हलवा, पुन्हा पाच, पुन्हा परत. असं आलटून पालटून केलं की शून्याचं हळू सरकणं सरासरीत निघून जातं.

उत्तर चुकलं तर चूक कशी दिसते त्यावरून कारण ओळखता येतं. ठिपका एका बाजूला गेल्यावर अचानक परत उसळत असेल तर गोळा पेटीला लागतोय. दोन जागी दोलनकाल वेगळा येत असेल तर तेच, किंवा तारेची गाठ सुटते आहे. गोळे हलवल्यावर सरकणं तासाभरात वाढत गेलं तर उष्णता: कॅव्हेंडिशचाच त्रास. पेटीजवळ हात नेल्याने ठिपका हलला तर अर्थिंग तपासा. उत्तर बरोबर चौपट किंवा चौथाई आलं तर उपकरणाला हात लावू नका, अर्धा दोलनकाल घेतला की पूर्ण ते वहीत बघा. दुप्पट किंवा निम्मं आलं तर कोनाच्या दोन दुपटींपैकी एक राहिली आहे किंवा जास्तीची आली आहे.